दहशतवादाचा दोष अख्ख्या धर्मावर टाकावा का? गल्लीच्या बैठकीतून आलेला प्रश्न

शहापूरकर (धागाकर्ता)

गणेशोत्सव तोंडावर आला आहे. त्याच्या तयारीसाठी आमच्या गल्लीच्या मंडळाची बैठक झाली आणि वर्गणी, मूर्ती, देखावा हे विषय संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने ठराव मांडला, की यंदा मंडप, रोषणाई आणि हारफुले यांपैकी कोणतेही काम मुसलमानांना द्यायचे नाही. आमच्याकडे रोषणाई करणारे गृहस्थ मुसलमान आहेत आणि ते वर्षानुवर्षे हे काम चोख करत आले आहेत. त्यांच्या कामाविषयी एकाचीही तक्रार नव्हती. ठराव मांडणाऱ्याने कारण एवढेच दिले, की पहलगाममध्ये जे घडले त्यानंतर आपण त्यांच्या हातात आपला पैसा का द्यावा, आणि मुळात हे सगळे त्यांच्या धर्मातच आहे. बरीच वादावादी झाली, शेवटी ठराव पुढच्या रविवारच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे.

मी ठरावाच्या विरोधात बोललो. परंतु बोलताना माझ्या लक्षात आले, की ‘दहशतवादाला धर्म नसतो’ हे वाक्य उच्चारून समोरच्याचे समाधान होत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसे मारली गेली आणि मारणाऱ्यांनी आधी धर्म विचारला, असे वाचलेल्यांनी सांगितले. मारणारा स्वतःच धर्माचे नाव घेत असताना त्याचा धर्माशी संबंध नाही असे आपण कोणत्या आधारावर म्हणायचे? आणि संबंध आहे असे म्हटले, तर बेळगावात रोषणाईच्या माळा लावणाऱ्या माणसापर्यंत तो संबंध कसा पोहोचतो? या दोन प्रश्नांच्या मध्ये रेघ कुठे ओढायची, ते मला जाणत्या सदस्यांकडून समजून घ्यायचे आहे. कृपया शिवीगाळ नको.

मार्कंडेयाकाठी

त्या २६ जणांत सय्यद आदिल हुसेन शाह हा स्थानिक घोडेवालाही होता. पर्यटकांना वाचवण्यासाठी तो हल्लेखोरांना सामोरा गेला आणि मारला गेला. ठराव मांडणाऱ्या कार्यकर्त्याला एवढेच विचारावे, की आदिलचा धर्म कोणता होता.

वखारवाला निपाणी

आदिलबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण एका चांगल्या माणसाच्या उदाहरणाने मूळ प्रश्न सुटत नाही. मी स्पष्ट लिहितो, कारण या विषयावर गुळमुळीत बोलण्यानेच लोक कडव्यांच्या मागे जातात. धर्मामुळे माणसे दानधर्म करतात, अन्नछत्रे चालवतात, याचे श्रेय आपण धर्माला देतो. मग धर्माच्या नावाने झालेल्या हत्येच्या वेळी धर्म अचानक बाजूला कसा होतो? श्रेय घ्यायचे असेल तर जबाबदारीही घेतली पाहिजे.

पाकिस्तानात ४ जानेवारी २०११ रोजी पंजाब प्रांताचे राज्यपाल सलमान तासीर यांचा त्यांच्याच अंगरक्षकाने खून केला. ईशनिंदेच्या कायद्यावर त्यांनी टीका केली होती, एवढाच त्यांचा अपराध. त्या खुन्याला न्यायालयात आणले तेव्हा वकिलांनी त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या आणि फाशीनंतर त्याच्या कबरीवर दर्गा उभा राहिला. खून करणारा एक होता हे मान्य. पाकळ्या उधळणारे आणि तिथे दर्शनाला जाणारे किती आहेत? त्यांच्या मनात हे पुण्य आहे ही समजूत कुठून आली, हे विचारण्याचा अधिकार मी सोडणार नाही. माझ्या शेजारी मुसलमान कुटुंब आहे, त्यांच्या सुखदुःखात आम्ही जातो, त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. माझे म्हणणे विचारांबद्दल आहे.

चिकोडीचा वकील

वखारवाला दादा, आपण दिलेले उदाहरण खरे आहे आणि भयंकर आहे. पण ते पूर्ण वाचा. सलमान तासीर स्वतः मुसलमान होते. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या सैनिकी शाळेत शंभराहून अधिक मुलांना मारण्यात आले, ती मुले बहुतांशी मुसलमानांचीच होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाकिस्तानातल्याच सेहवानला लाल शाहबाज कलंदरच्या दर्ग्यात धमाल, म्हणजे सूफी भक्तिनृत्य, चालू असताना स्फोट झाला आणि ८० पेक्षा जास्त भाविक गेले. दर्ग्याला जाणारा मुसलमान हा खरा मुसलमानच नव्हे, असे मारणाऱ्यांचे म्हणणे होते. आता संपूर्ण धर्म दोषी धरायचा, तर पेशावरच्या त्या मुलांनाही आरोपींच्या यादीत बसवावे लागेल, आणि मारेकऱ्यांचा दावा, की आम्हीच धर्माचे खरे प्रतिनिधी, तो आपणच मान्य केल्यासारखे होईल. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. कडव्या माणसाला अख्ख्या धर्माचे मुखत्यारपत्र हवे असते आणि धर्माला सरसकट दोष देणारा त्यावर सही करून देतो.

कायद्याच्या दृष्टीने सांगायचे तर फौजदारी जबाबदारी कृत्य करणाऱ्याची, कट रचणाऱ्याची, चिथावणी देणाऱ्याची आणि आश्रय देणाऱ्याची असते. हे वर्तुळ पुष्कळ मोठे आहे, त्यात पैसा पुरवणारा, प्रशिक्षण देणारा असे सगळे येतात. पण ते वर्तुळ जन्मावरून आखले जात नाही.

धारवाडची सून

माझे माहेर बेळगाव, सासर धारवाड. ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी कल्याणनगरमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. आमचे घर तिथून फार लांब नाही. हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेला, वचनसाहित्यासाठी आयुष्य वेचलेला माणूस दार उघडायला येतो आणि मारला जातो, यावर त्या दिवशी कोणाचा विश्वास बसत नव्हता. २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर, २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच ऑगस्टमध्ये कलबुर्गी आणि २०१७ मध्ये बेंगळुरूला गौरी लंकेश, अशा चार हत्या झाल्या आणि तपासात कडव्या हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित लोकांची नावे आली. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. गौरी लंकेश प्रकरणाच्या तपासात तर आपल्या बेळगाव जिल्ह्याचे नाव आले आणि इथून अटकही झाली.

त्या काळात मला कोणीही येऊन विचारले नाही, की तुम्ही हिंदू आहात, तर या हत्यांचा निषेध केला का. बसमध्ये कोणी माझ्याकडे संशयाने पाहिले नाही आणि माझ्या नवऱ्याच्या दुकानावर बहिष्कार घालण्याचा ठरावही झाला नाही. तसे व्हायलाही नको होते. मग हाच न्याय दुसऱ्याला का नको?

याच धारवाडजवळ नुग्गीकेरीच्या हनुमान मंदिराच्या आवारात एप्रिल २०२२ मध्ये एका म्हाताऱ्या मुसलमान विक्रेत्याच्या गाड्यावरची कलिंगडे रस्त्यावर आपटून फोडली गेली. तो तिथे वर्षानुवर्षे बसत होता. लाल गर रस्त्यावर पसरलेला आणि तो माणूस बाजूला हताश उभा, हे चित्र सगळ्यांनी पाहिले. शहापूरकर, आपल्या मंडळाचा ठराव आणि ती फुटलेली कलिंगडे यांच्यात फार अंतर नाही.

जय_भवानी_वडगाव

ताई, तुलना चुकीची आहे. त्या हत्यांना हिंदू धर्मग्रंथात कुठेही आधार नाही. तिकडे मात्र ग्रंथाचा हवाला देऊन मारतात.

चिकोडीचा वकील

वडगावकर, हवाला देणे आणि आधार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्यानमारमध्ये भिक्खूंनी द्वेषाचा प्रचार केला, २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना देश सोडून बांगलादेशात जावे लागले. बुद्धाच्या शिकवणीत याला आधार आहे असे आपण म्हणणार का? २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चला मशिदींत ५१ माणसे मारणाऱ्याने युरोपातील धर्मयुद्धांची नावे आपल्या बंदुकांवर लिहिली होती. धर्म कोणताही असो, मारायचे एकदा ठरले की हवाला सापडतो.

वखारवाला निपाणी

सापडतो, हे खरे. पण काही ठिकाणी तो लवकर सापडतो आणि तो खोडून काढणाऱ्याचा जीव जातो, हेही खरे. वकीलसाहेब, आपण माझ्या प्रश्नाला वळसा घालत आहात. तासीर मुसलमान होते म्हणूनच तर माझा मुद्दा अधिक गंभीर होतो, कारण आतून सुधारणा मागणाऱ्याला तिथे सुरक्षितता नाही.

खानापूरचे आजोळ

या चर्चेत १९४८ चा उल्लेख अजून झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. मारणारा मराठी ब्राह्मण आहे हे कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही त्या आगीत गेला. आमच्या घरात त्याला आजही ‘जळीत’ म्हणतात. माझ्या आजीचे माहेर सांगलीकडच्या एका खेड्यात होते. घर पेटवायला आलेल्यांत गावातलेच लोक होते, आणि आदल्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाच्या मुलीच्या लग्नात आजीच्या आईने पंगत वाढली होती. धान्याची कणगी जळताना जो वास येतो तो आजी शेवटपर्यंत विसरली नाही. लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता, असे ती सांगे. त्यानंतर कुटुंब बेळगावला आले ते परत गेलेच नाही.

त्या घरातल्या कोणी गोडसेचे नावही पूर्वी ऐकले नव्हते. तरी जाळणाऱ्यांकडे त्यांचे कारण तयार होते, की ‘तुमच्यातल्याने केले’. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांच्या बाबतीत हेच झाले. इंदिराजींना मारणारे दोन अंगरक्षक होते आणि मारले गेले ते त्रिलोकपुरीतले सुतार, रिक्षावाले आणि त्यांची मुले. सरकारी आकड्याप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३. वखारवाला दादा, विचारांची चिकित्सा जरूर करावी, पण ‘अख्खा धर्म’ किंवा ‘अख्खी जात’ ही भाषा रस्त्यावर उतरली की तिचे पुढे काय होते, ते आमच्या घराने पाहिले आहे.

बागवान संकेश्वर

मी हा धागा पहिल्यापासून वाचत आहे आणि लिहावे की नाही याचा बराच विचार केला. मी मुसलमान आहे, माझे शिक्षण संकेश्वरला मराठी शाळेत झाले, घरात दखनी बोलतो, व्यवहार मराठी आणि कन्नडमध्ये चालतो.

पहलगामची बातमी आली त्या रात्री आमच्या घरात जेवण झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने पहिले वाक्य विचारले, की ‘तुमच्या लोकांनी हे काय केले?’ ते गृहस्थ वाईट नाहीत, माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला मदत केली आहे. पण ‘तुमचे लोक’ म्हणजे कोण, हे मला कळले नाही. माझे लोक तर माझ्या समोर उभे होते.

निषेध आम्ही करत नाही, असे वारंवार म्हटले जाते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत १६६ माणसे मारली गेली, तेव्हा मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांच्या विश्वस्तांनी नकार दिला. मुसलमानासाठी दफन नाकारणे म्हणजे काय, हे आमच्यातल्या कोणालाही विचारा. त्याच वर्षी फेब्रुवारीत देवबंदच्या दारुल उलूमने मोठी परिषद बोलावून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले होते. याहून स्पष्ट काय बोलायचे असते?

लष्करातल्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरला आहे. मे २०२५ मध्ये पहलगामनंतरच्या लष्करी कारवाईची माहिती देताना देशाच्या वतीने त्या बोलल्या तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती भरून आली. आठवडाभरात एका राज्याच्या मंत्र्याने त्यांना उद्देशून दहशतवाद्यांची बहीण अशा अर्थाचे उद्गार काढले आणि तिथल्या उच्च न्यायालयाला स्वतःहून गुन्हा नोंदवायला सांगावे लागले. गणवेश घातलेल्या बाईलाही हे चुकत नसेल, तर फळे विकणाऱ्याने आणखी कोणता दाखला आणावा?

आता वखारवाला भाऊंना उत्तर. आपला प्रश्न मला टाळायचा नाही. आमच्या मुलांच्या हातात फोन आहे आणि त्या फोनवर कुठले कुठले बोलणारे येतात, जे दर्ग्यात जाणे, मोहरमचे पंजे, हिंदू मित्राकडचा फराळ, सगळे हराम ठरवतात. माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी घरी येऊन उरुसाला जायचे नाही म्हणून भांडण केले. त्याला समजावण्याचे काम माझे आहे, आमच्या मौलवींचे आहे, आणि ते आम्ही करत आहोत. हे काम मला घरातला म्हणून करायचे आहे. आरोपी म्हणून उभे केले तर माझेच ऐकणे बंद होईल, कारण पुतण्या म्हणेल, की काका, तुम्ही एवढे करूनही तुम्हाला दिवाबत्तीचे कामसुद्धा मिळत नाही.

मार्कंडेयाकाठी

बागवान साहेब, शेवटचे वाक्य मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवायला हवे.

गोकाकचा धबधबा

कोन्नूरचा विषय निघाला म्हणून लिहितो. त्याच आठवड्यात कर्नल कुरेशींच्या सासरच्या घरावर हिंदुत्ववाद्यांनी हल्ला केला, अशी बातमी समाजमाध्यमांवर पसरवली गेली. ती धादांत खोटी होती. बेळगावच्या पोलीस अधीक्षकांनी तसे जाहीर केले आणि गुन्हा नोंदवला. म्हणजे इथे दोष हिंदूंवर टाकण्याचा प्रयत्न होता. पोलीस तत्पर नसते तर त्या एका खोट्या मजकुरावरून गोकाकात काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

निवृत्त शिक्षक, सौंदत्ती

हुलीकट्टीचे प्रकरण इथे नोंदवले पाहिजे. आमच्याच तालुक्यातले गाव. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या पाण्याच्या टाकीत विषारी औषध टाकले गेले आणि काही मुले आजारी पडली. सुदैवाने सगळी बचावली. शाळेचे मुख्याध्यापक मुसलमान, तेरा वर्षे त्याच शाळेत. पोलिसांनी सांगितले, की मुख्याध्यापकांवर संशय यावा आणि त्यांची बदली व्हावी यासाठी हा कट रचला होता. अटक झालेल्या तिघांत एका हिंदुत्ववादी संघटनेचा तालुका पदाधिकारी आहे. औषधाची बाटली पाचवीतल्या मुलाच्या हाती दिली होती.

शिक्षक म्हणून माझे आयुष्य अशाच शाळांत गेले. खेड्यातल्या शाळेत पाण्याची टाकी म्हणजे मुलांचा सगळ्यात आवडता कोपरा, मधल्या सुट्टीत तिथे नुसती झुंबड असते. त्या मुलांची नावे हिंदू होती की मुसलमान, हे औषध टाकणाऱ्याने पाहिले नव्हते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हा कट ‘मुसलमान म्हटल्यावर लोक लगेच विश्वास ठेवतील’ या भरवशावर उभा होता. संपूर्ण धर्माला दोषी धरण्याची सवय समाजात नसती, तर हा कट सुचलाही नसता.

हलगा रोड

मला आणखी एक बाजू मांडायची आहे. आपण सीमाभागातले मराठी. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूला शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यानंतर बेळगावात अनगोळला संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची. करणारे मूठभर होते. परंतु पुढचे कित्येक दिवस दोन्हीकडे अख्ख्या समाजाला शिव्या पडल्या, मराठी म्हणून कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही. रायण्णा इंग्रजांशी लढून फासावर गेलेले वीर, त्यांच्याविषयी मराठी घरांतही आदर आहे, हे कोणी ऐकून घेत नव्हते. सरसकट दोष अंगावर घेणे काय असते, ते आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

जय_भवानी_वडगाव

भाषेचा वाद आणि धर्माचा दहशतवाद एका मापाने मोजता येत नाही. भाषेसाठी कोणी स्वतःच्या अंगावर बाँब बांधत नाही.

खानापूरचे आजोळ

श्रीलंकेत तमिळ वाघांनी वर्षानुवर्षे तेच केले, वडगावकर. ती संघटना धर्मासाठी लढत नव्हती.

टिळकवाडी पहिले गेट

धागाकर्त्यांनी रेघ कुठे ओढायची असे विचारले आहे. मला वाटते, ती रेघ आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी ओढून झाली आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष असलेले एकमेव. त्याआधी सप्टेंबरात वायव्य सरहद्द प्रांतातल्या कोहाटला भीषण दंगल होऊन तिथल्या हिंदूंना गाव सोडून रावळपिंडीला जावे लागले होते. गांधीजींनी दिल्लीत मौलाना मोहम्मद अली यांच्या घरी २१ दिवसांचे उपोषण आरंभले, तेही याच काळात. बेळगावच्या अधिवेशनात कोहाटवर ठराव झाला. त्या ठरावाने हिंदुस्थानातल्या सगळ्या मुसलमानांना दोष दिला नाही आणि ‘दंगलीला धर्म नसतो’ म्हणून हातही झटकले नाहीत. कोहाटच्या मुसलमानांनी आपल्या हिंदू बांधवांच्या जीविताची व मालमत्तेची हमी द्यावी, आणि त्यांनी सन्मानाने बोलावल्याशिवाय निर्वासितांनी परतू नये, असा त्याचा आशय होता.

मला ही भूमिका फार नेमकी वाटते. जे रोखू शकत होते त्यांच्याकडे मागणी केली गेली. पेशावरच्या किंवा मद्रासच्या मुसलमानाकडे नव्हे, तर शेजारी राहणाऱ्याकडे. सलमान तासीर यांच्या खुन्याला पाकळ्या वाहणाऱ्यांना जाब विचारायचा तर तो तिथल्या वकील संघटनांना, तिथल्या मौलवींना आणि सरकारला. कलबुर्गींच्या मारेकऱ्यांना प्रशिक्षण आणि आसरा मिळाला असेल, तर तो ज्यांच्या डोळ्यांसमोर मिळाला त्यांना. बागवान साहेबांच्या पुतण्याविषयी बागवान साहेबांना, आणि जय भवानी, आपल्या मंडळातल्या पोरांविषयी आपल्याला. पहलगाम थांबवण्याची कोणतीही ताकद रोषणाईवाल्याकडे नव्हती. मग त्याच्याकडे मागणी कसली?

वखारवाला निपाणी

टिळकवाडीकरांचा हा युक्तिवाद मला पटण्याजोगा वाटतो, एका दुरुस्तीसह. शेजारी म्हणजे फक्त भौगोलिक शेजारी नव्हेत. एखादी धर्मसंस्था जगभर पैसा आणि प्रचारक पाठवत असेल, तर ती जगभर शेजारीच आहे, आणि तिला जाब विचारताना मला कोणी धर्मद्वेष्टा म्हणू नये. हा नियम सगळ्या धर्मांच्या संस्थांना लागू करा, माझी हरकत नाही. मंडळाच्या ठरावाला मात्र माझा पाठिंबा नाही, पहिल्या प्रतिसादातही नव्हता.

चिकोडीचा वकील

दुरुस्ती मान्य. संस्थेला जाब, जन्माला नाही.

शहापूरकर, एक व्यावहारिक सूचना. असा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला तर तो मंडळाच्या पदाधिकाऱ्यांवर शेकू शकतो. धर्माच्या आधारावर वैमनस्य वाढवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. सही करणारे तरुण असतील, नोकऱ्यांच्या परीक्षा देणारे असतील. त्यांना हे आधीच सांगा.

कुरुंदवाड घाट

आमच्या कुरुंदवाडला काही मशिदींत गणपती बसतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आमच्याकडेही तणावाचे प्रसंग आले नाहीत असे नाही, २००९ मध्ये मिरजेची दंगल झाली तेव्हा सगळा परिसर धास्तावला होता. तरी मूर्ती मशिदीतच बसली, कारण ती कोणी बसवायची हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पूर्वीच ठरवून ठेवले आहे आणि तरुणांना त्या कामात घेतलेले आहे. तुमच्या ठराव मांडणाऱ्या कार्यकर्त्याला विरोधी पक्षात ढकलू नका. त्याला रोषणाईच्या समितीवर घ्या.

शहापूरकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वखारवाला दादांचे विशेष, कारण त्यांच्या प्रश्नांमुळे मला बैठकीत द्यायची उत्तरे सापडली.

रविवारी मी मूळ ठरावाला पर्यायी ठराव मांडणार आहे, की कामे दर आणि दर्जा पाहून द्यावीत आणि कोणालाही धर्माच्या कारणावरून वगळू नये. हुलीकट्टीची हकिकत गुरुजींनी लिहिली तशीच सांगेन आणि १९२४ चा ठरावही सांगेन, कारण त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवरून आमची पोरे रोज जातात. बागवान साहेबांची परवानगी असेल तर त्यांचा प्रतिसाद त्यांच्या नावाविना वाचून दाखवेन. कुरुंदवाडकरांची सूचना तर त्या कार्यकर्त्याच्या कानावर आजच घातली. तो लगेच तयार झाला नाही. रोषणाईवाल्यांशी समोरासमोर बसून बोलेन आणि मग ठरवेन, असे म्हणाला. उद्या संध्याकाळी त्याला घेऊन त्यांच्या दुकानात जात आहे.

बागवान संकेश्वर

परवानगी आहे. नावासकट वाचा.